नऊ फुटांचा पंख

लाकूड दोन जातींचं, असं माझे वडील म्हणायचे. एक वझं उचलणारं आणि दुसरं नुसतंच वझं असणारं. घर बांधताना दोन्ही चालतात. जमिनीवर उभं राहणाऱ्या घराला आपल्या वजनाची लाज नसते. ऐनाचा खांब दोघांना उचलत नाही, तरी आपण त्याला नावं ठेवत नाही, उलट कौतुकच करतो. पण जी वस्तू हवेत जायची आहे, तिच्यात पहिल्या जातीचंच लाकूड पाहिजे. हे मला साठी उलटल्यावर कळलं, आणि तेही भाच्यामुळे.

आमच्या दाभोशात लाकडाची ओळख शाळेत शिकवावी लागत नाही. नांगराला बाभूळ किंवा खैर, घराला साग आणि ऐन, पेटीला शिवण, ढोलाला शिवण किंवा आंबा. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्याचे जुने मुखवटे लाकडाचे असत, तेही हलक्या लाकडाचे. कारण देवाचं सोंग घेऊन रात्रभर नाचायचं, तर मान टिकली पाहिजे. माझं शिक्षण दहावीपर्यंत. शेती भाताची आणि नागलीची. सुतारकाम वडिलांकडून आलं, धंदा म्हणून नाही, गरज म्हणून. गावात कुणाच्या घराचा वासा बदलायचा, कुणाच्या गाडीचं जू करायचं, की मला हाक यायची.

भाचा जव्हारला आयटीआय करून बोईसरच्या एमआयडीसीत फिटर म्हणून लागला. हाताला हुशार, बोलायला कमी. २०१८ साली पेपरात बातमी आली होती. कॅप्टन अमोल यादव नावाच्या वैमानिकाने कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा जणांचं विमान बांधलं. २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते मांडलं, पुढच्या वर्षी त्याची नोंदणी झाली, आणि आता राज्य सरकारने त्यांच्याशी करार करून कारखान्यासाठी पालघर जिल्ह्यात जागा द्यायचं ठरवलं, असं त्यात होतं. विमान आणि पालघर हे दोन शब्द एका ओळीत! भाच्याने ते कात्रण पाकिटात ठेवलं. यादवांचं विमान धातूचं. भाच्याला तेवढा पैसा कुठला? त्याने दोन वर्षं ओव्हरटाइम केला आणि अमेरिकेतून एका छोट्या दुपंखी विमानाचे नकाशे मागवले. एका माणसाचं विमान, सांगाडा लोखंडी नळ्यांचा आणि पंख लाकडाचे. तिकडे घरी विमान बांधणाऱ्यांची १९५३ सालापासून मोठी संघटनाच आहे, लोक गॅरेजमध्ये विमानं बांधतात.

नकाशांची गुंडाळी घेऊन तो माझ्या पडवीत आला आणि म्हणाला, “मामा, नळ्या मी जोडीन. लाकूड तुमचं.”

त्याच्या मागोमाग दोन दिवसांनी माझी बहीण आली. मेहुणे गेले तेव्हा हा पोरगा चौथीत होता. तिने एकटीने भात लावून, नागली कुटून त्याला मोठा केला. चहा पिऊन झाल्यावर ती म्हणाली, “दादा, तू नाय म्हण. तू नाय म्हटलास तं तो सोडून देल. माझा तो आयकत नाय.”

मी तिला हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. पोराला नाही म्हटलं तर तो दुसऱ्या सुताराकडे जाईल, आणि त्या सुताराचा तो भाचा नसेल. हे मी तिला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मामा-भाच्यानी एका होडीत बसू नये म्हणतात.” मी म्हटलं, “होडी एकट्याचीच हाय. मी काठावर राहनार.” ती हसली नाही.

भाच्याला मी एकच अट घातली. लाकडाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. मी ज्या फळीला नाही म्हणेन ती फळी पंखात जाणार नाही, मग ती कितीला का घेतलेली असेना. तो लगेच कबूल झाला. कबूल होणं सोपं असतं, तेव्हा फळी समोर नसते.

आता दोन मजली पंख कशाला, हे आधी समजून घेतलं. घराची कैची बघा. एकटा वासा लांब टाकला तर तो वाकतो. म्हणून आपण खाली तुळई घालतो, मध्ये तिरपे धीरे देतो, आणि त्रिकोण झाला की बारीक लाकूडही जाड लाकडाचं काम करतं. दुपंखी विमानात वरचा पंख आणि खालचा पंख म्हणजे कैचीच्या दोन बाजू. मध्ये उभे खांब, आणि कोपऱ्याकोपऱ्यातून ताणलेल्या तिरप्या तारा. त्यामुळे पंख आखूड आणि हलके ठेवता येतात. राइट बंधूंचं १९०३ सालचं विमान असंच दुपंखी होतं. स्प्रूस आणि ॲश या झाडांचं लाकूड, वर साधं सुती कापड. १७ डिसेंबरला ते पहिल्यांदा १२ सेकंद उडालं, १२० फूट गेलं. दोघे भाऊ सायकलवाले, आणि दोघांकडेही हायस्कूल पास झाल्याचा दाखला नव्हता. हे वाचल्यावर माझी दहावी मला जरा बरी वाटली. आपल्या देशातही १९११ च्या फेब्रुवारीत अलाहाबादहून नैनीला विमानाने पहिली टपाल गेली, तेही दुपंखी होतं. पुढे हजारो वैमानिक ज्या टायगर मॉथवर शिकले, त्याचेही पंख लाकडाचे आणि कापडाने मढवलेले.

गावात एकाने तळपद्यांचं नाव काढलं. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवलं, अशी गोष्ट आपल्याकडे सांगतात. मी भाच्याला विचारलं, त्याचा नकाशा मिळतो का? कुठल्या लाकडाचा पंख, किती लांब, किती वजन? तसलं काही हाती लागत नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार देतात, ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली तपासलं, आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत असं लिहिलं. तळपद्यांची धडपड खरी असेल. पण माझ्यापुढे बहिणीचं पोर होतं. मला मापं पाहिजे होती.

पहिला हिवाळा आमचा लाकूड निवडण्यात गेला. नकाशात स्प्रूस लिहिलेलं. थंड देशातलं सरळ वाढणारं झाड, एक घनफूट लाकूड साडेबारा-तेरा किलोच्या आसपास. आपला साग तेवढाच घेतला तर अठरा किलोच्या पुढे जातो. ऐन चोवीसच्या घरात. काटेसावर आणि पांगारा हलके, पण त्यांच्यात जीव नाही. शिवण वजनाला स्प्रूसच्या जवळ, तापत नाही, फारशी पिळवटत नाही. भाच्याचं म्हणणं, सगळं इथलंच वापरू.

मी सगळ्यांच्या सारख्या मापाच्या बारीक चौरस काठ्या तासल्या. दोन विटांच्या थरांवर दोन फुटांच्या अंतराने काठी ठेवायची, मध्ये दोरीने कळशी टांगायची आणि तांब्या तांब्या पाणी ओतत जायचं. काठी कधी वाकते, कधी कुरकुरते, कधी मोडते, हे वहीत लिहायचं. मग काठीच्या वजनाशी ते ताडून बघायचं. सागाने सगळ्यात जास्त पाणी उचललं, पण त्याचं स्वतःचं वजन धरलं की तो मागे पडला. सावरीने तर कळशी अर्धी व्हायच्या आत मान टाकली. शिवण चांगली ठरली, पण आमच्या भागात नऊ फूट लांब, सरळ नशीची, गाठ नसलेली शिवणीची फळी मिळणं म्हणजे वाघाचं दूध. आमची शिवण वाकडी वाढते. बांधावरच्या मालकीच्या झाडालाही हात लावायचा तर कागद करावे लागतात. आणि नस सरळ नसेल तर सगळंच फुकट. पंखाच्या मुख्य लाकडात पंधरा इंच लांबीत नस एक इंचापेक्षा जास्त तिरपी जाता कामा नये, असा नियम आहे. मी तो वाचला आणि मला वडिलांचा हात आठवला. ते फळीवर शाईचा थेंब टाकून तो कुठे पळतो ते बघायचे. शाई नशीच्या वाटेने जाते.

शेवटी मुख्य वाशांसाठी भाच्याने मुंबईच्या लाकूड बाजारातून डग्लस फर आणलं. परदेशी लाकूड, स्प्रूसपेक्षा जड पण ताकदीला सरस, आणि ते चालतं असं नकाशातच होतं. शिवण आम्ही साच्यांना आणि ठोकळ्यांना वापरली.

पंखाची रचना घराच्या छपरासारखीच. लांबीत दोन वासे असतात, त्यांना स्पार म्हणतात. एक पुढच्या कडेजवळ, एक मागच्या बाजूला. त्यांच्यावर आडव्या बरगड्या, म्हणजे रिब. बरगडीच पंखाला आकार देते, वरून फुगीर आणि खालून सपाट. आमचा पंख नऊ फूट लांब, तीन फूट रुंद, त्यात दहा बरगड्या. प्रत्येक बरगडी पाव इंच चौरस काड्यांची. फळीवर नकाशा चिकटवून कडेने लाकडाचे ठोकळे ठोकले, त्यात काड्या बसवल्या. वरची काडी वाकवायला आधी गरम पाण्यात ठेवायची. प्रत्येक सांध्यावर दोन्ही बाजूंनी दीड मिलिमीटर प्लायवूडचा तुकडा. एक बरगडी तयार झाली की हातात धरून बघायची, दोन मुठी तांदळापेक्षा जड लागत नाही. आणि तीच उभी धरून दाबली तर माणसाचा हात हरतो.

सांध्यात खिळ्याचा भरवसा नाही, सगळा जीव गोंदात. पूर्वी विमानं दुधाच्या गोंदाने जोडत. दुधातला चोथा, त्यात चुना. ऐकून बहिणीला नवल वाटलं. पण दुधाचा गोंद दमट हवेत बुरशीने खातो. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांचं मॉस्किटो नावाचं लाकडी विमान होतं. १९४४ साली भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्यातली काही हवेत मोडली, तेव्हा तिथली सगळी उभी करून तपासली. गोंदाच्या सांध्यांत फटी सापडल्या, आणि आपली हवाही चर्चेत आली. आमच्या जव्हारचा पाऊस ज्याने पाहिला त्याला हे समजावून सांगायला नको. जूनमध्ये आमच्याकडे काडेपेटी पेटत नाही, दाराची चौकट फुगून दार अडकतं. म्हणून आम्ही इपॉक्सी वापरला, आणि तरीही नियम केला. चिकटवायचं काम दिवाळी ते होळी. पाऊस सुरू झाला की सगळं चुलीच्या वरच्या माळ्यावर.

लाकडातलं पाणी कसं मोजायचं, तेही शिकलो. लहान तुकडा वजन करायचा, मंद आचेवर वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवायचा, पुन्हा वजन करायचं. एकशे बारा ग्रॅमचा शंभर झाला तर पाणी बारा टक्के. तेवढं बरोबर. आणि दर वेळी गोंद कालवला की त्यातलाच दोन काड्यांचा एक नमुना जोडायचा, दुसऱ्या दिवशी मोडायचा. लाकूड फाटलं पाहिजे, गोंदाची रेघ उघडता कामा नये. रेघ उघडली तर त्या दिवसाचं सगळं काम सरपणात.

पुण्याला हडपसरच्या ग्लायडर केंद्रात लाकडी ग्लायडर दुरुस्त केलेले एक निवृत्त गृहस्थ भाच्याला ओळखीने मिळाले. ‘रोहिणी’ नावाचं आपल्याकडेच बनलेलं दोन आसनी लाकडी ग्लायडर १९६१ साली पहिल्यांदा उडालं, त्या जातीच्या पंखांवर त्यांचे हात फिरलेले. ते दोनदा आमच्याकडे येऊन राहिले. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. अंधारात फळीवर बॅटरी तिरपी धरायची आणि लाकूड बोलू द्यायचं.

त्यामुळेच ती रेघ दिसली.

पुढचा स्पार तासून, रंधून, मापात आणून झाला होता. भाचा दुसऱ्या दिवशी बरगड्या ओवणार होता. रात्री जेवण झाल्यावर मी बॅटरी घेऊन एकटाच पडवीत गेलो. टोकापासून साडेतीन फुटांवर नशीला आडवी एक रेघ होती. केसाहून बारीक. दिवसा बघितली असती तर रंध्याचा ओरखडा म्हटलं असतं. पण ओरखड्यावर नख अडकतं, इथे अडकत नव्हतं. झाड पाडताना खडकावर किंवा उंचवट्यावर आडवं पडलं तर खोडाच्या एका अंगाचे तंतू आतल्या आत चेंगरतात. बाहेरून झाड धडधाकट दिसतं. आम्ही दरीच्या कडेची झाडं पाडलेली माणसं, असं चेंगरलेलं लाकूड मी जुवांत पाहिलंय. भर नांगरणीत ते दगा देतं.

सकाळी भाच्याला दाखवलं. त्याने बघितलं आणि म्हणाला, “मामा, काही नाय ते. वरून प्लाय लागनारच हाय.” मी म्हटलं, ही फळी नाही. तो चिडला. दीड महिन्याच्या सुट्ट्या त्या फळीत गेल्या होत्या, पगारातला मोठा हिस्सा गेला होता. पहिल्यांदाच तो माझ्याशी मोठ्याने बोलला. म्हणाला, “आईनी सांगितलं म्हनून तुम्ही अडवता मला.”

मी उत्तर दिलं नाही. त्याच्यासमोर करवत घेतली आणि ती रेघ मध्ये येईल अशी दोन फुटांची पट्टी स्पारमधून कापून काढली. शेजारच्या चांगल्या भागातून तशीच दुसरी. दोन्ही विटांवर ठेवल्या, कळशी टांगली. चांगली पट्टी आधी वाकली, मग कुरकुरली, मग लांबलांब फांजरं काढत फाटली. मोडल्यावरही दोन तुकडे एकमेकांना धरून होते. रेघेची पट्टी अर्ध्या पाण्यातच मोडली. आवाज नाही, कुरकूर नाही. गाजर मोडावं तशी, कच्चकन, आणि दोन तुकडे जमिनीवर.

भाचा ते दोन तुकडे हातात घेऊन ओट्यावर बसला. संध्याकाळपर्यंत काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बोईसरला जाताना त्यातला एक तुकडा पिशवीत घालून घेऊन गेला. नवी फळी यायला चार महिने लागले. ती तासण्याआधी तो स्वतः तीन रात्री बॅटरी घेऊन बसला.

पंखाचा सांगाडा तयार झाला, आत तिरप्या तारा ताणल्या. कापड चढवण्याआधी परीक्षा घ्यायची, कारण कापड चढलं की आतलं काही दिसत नाही. पंखावर हवेचा जोर खालून वर असतो. म्हणून पंख उलटा बांधायचा आणि वरून वजन ठेवायचं. भरलेलं विमान साडेचारशे किलोचं, आणि झटक्यात वळताना चौपट भार येतो असा हिशोब. चार पंखांत वाटला तर एकेका पंखाला साडेचारशे किलो. म्हणजे एका पंखाने अख्खं विमान उचललं पाहिजे.

वजन कुठून आणायचं? बहिणीच्या घरी नवं भात आणि नागली होती. तिची पोती सोडून आम्ही पाच पाच किलोच्या नव्वद पिशव्या भरल्या. मोठी पोती चालत नाहीत, भार सगळीकडे पसरला पाहिजे. पुढच्या कडेकडे जास्त, टोकाकडे कमी. मुळाशी पंख पक्का बांधला, खांबाच्या जागी आधार दिला, कडेने दोरी ताणून फूटपट्टी लावली. बहीण दाराशी उभी होती. बोलावलं तरी आली नाही.

शंभर किलो, दोनशे किलो, भाचा मोजून पिशव्या ठेवत होता, मी वाक लिहीत होतो. तीनशेच्या पुढे एकदा ‘टक्’ असा आवाज आला. सगळे थांबलो. पुण्याचे गृहस्थ खाली वाकून एकेक सांधा बघत गेले. एक तार आपल्या जागी बसली होती, बाकी काही नाही. पुन्हा सुरू. चारशे झाल्यावर भाच्याचे हात थरथरायला लागले. तेव्हा बहीण आत आली. तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि विचारलं, “कुठं ठेवू?” शेवटच्या दहा पिशव्या तिने ठेवल्या. तिच्याच शेतातलं भात. पंख वाकला होता, पण हिशोबात सांगितला होता तेवढाच. दोरीखाली फूटपट्टी धरून आम्ही दहा मिनिटं बसलो. मग पिशव्या उतरवल्या. पंख हळूहळू वर आला आणि पहिल्या खुणेवर येऊन थांबला.

बहिणीने पंखाला हात लावून बघितला. म्हणाली, “एवढा हलका?” बस, एवढंच. वर चढवा असं ती म्हणाली नाही, नका चढवू असंही नाही.

हे सगळं होऊन वर्ष झालं. चारातला एक पंख पुरा झालाय. कापड चढवलंय, इस्त्रीने ताणलंय. बोटाने टिचकी मारली तर ढोलकीसारखा बोलतो. इंजिन घेतलेलं नाही. परवानगीचे कागद म्हणजे आणखी एक विमान बांधण्यासारखं आहे. यादवांसारख्या पेशाने वैमानिक असलेल्या माणसालाही त्यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं, आणि त्यांच्या विमानाने धुळ्याला चाचणीचं उड्डाण केलं ते २०२० साली. भाचा घाई करत नाही. तो बदलला आहे. कारखान्यातही आता त्याला तपासणीच्या कामावर घेतलंय. फळीचा तो तुकडा त्याच्या लॉकरमध्ये असतो.

लोक विचारतात, हे उडेल का? मी सांगतो, मला ठाऊक नाही, मी फक्त पंखाचा हिशोब देऊ शकतो. मला विचाराल तर परवानगीशिवाय ते चाकभरही हलू नये, आणि हे मी भाच्याकडून वदवून घेतलंय. पण आमच्या संस्थानच्या शेवटच्या राजांना पतंगशाह म्हणत. त्या जव्हारच्या मातीतल्या एका पोराने नियमात बसणारा, वजनाला उतरलेला एक पंख बांधला, हे मात्र झालेलं आहे. ते कुणी पुसू शकत नाही.

या दिवाळीला उजवा खालचा पंख धरायचा. फळ्या बघायला मुंबईला जायचं ठरलंय. परवा बहिणीने निरोप पाठवला, मीही येते, माझी बॅटरी मी घेऊन येईन.